अमेरिकेतील गुलामगिरीचा वाद, १८२० ते १८६१ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन यादवीच्या आधीच्या चाळीस वर्षांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचे आहेत. काही तिकडे राहणाऱ्या मराठी पालकांचे आहेत, कारण त्यांच्या मुलांच्या पुस्तकात एक लिहिलेले असते आणि शेजारी दुसरेच सांगतात. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भांडण नेमके कशावरून होते? गुलामगिरी ठेवायची की बंद करायची, एवढेच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. ज्या राज्यांत गुलामगिरी आधीपासून होती, तिथे ती मोडण्याचा अधिकार काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेच्या संसदेला; सिनेट आणि प्रतिनिधीगृह ही तिची दोन सभागृहे) नाही, हे त्या काळी जवळपास सगळेच पुढारी मानत होते. १८६० मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आलेला अब्राहम लिंकनही मानत होता. खरी रस्सीखेच होती ती पश्चिमेकडे नव्याने ताब्यात येणाऱ्या मुलुखावरून. तिथे गुलाम नेता येतील की नाही? त्या मुलखातून जी नवी राज्ये बनतील, त्यांचे सिनेटर कोणत्या बाजूने मत देतील?

सगळा इतिहास नकाशावरच्या रेषांचा म्हणून सांगितला, की एक मोठी गोष्ट मात्र निसटते. गुलाम माणसे स्वतः पळत होती. पुढाऱ्यांनी केलेला प्रत्येक समेट या पळणाऱ्या माणसांनी उसवला, असे माझे मत आहे. त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

२. ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ म्हणजे कोणती राज्ये?

ढोबळमानाने पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड यांच्यामधली मेसन-डिक्सन रेषा आणि तिच्या पश्चिमेला ओहायो नदी. वरची ती उत्तर, खालची ती दक्षिण. १८६० मध्ये ३३ राज्ये होती, त्यांपैकी १८ गुलामगिरीमुक्त आणि १५ गुलामगिरीची. पण दक्षिण एकजिनसी नव्हती. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायना इथे निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलाम होती, तर डेलावेअरमध्ये १,८०० सुद्धा गुलाम उरले नव्हते. पुढे कोण फुटले आणि कोण राहिले, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

३. उत्तरेत गुलामगिरी कधी नव्हतीच का?

होती. न्यूयॉर्क शहरात होती, बोस्टनमध्येही होती. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये ती हळूहळू संपवण्याचा कायदा केला. त्यानुसार आधीचे गुलाम गुलामच राहिले. कायद्यानंतर जन्मलेल्या मुलांना वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत राबून मग सुटका. न्यूयॉर्कमध्ये ती पूर्ण संपायला १८२७ उजाडले. न्यू जर्सीत तर १८६० च्या जनगणनेतही १८ गुलाम नोंदलेले आहेत.

गुलामगिरी नको असलेल्या प्रत्येकाला काळा शेजारी हवा होता, असेही समजू नका. इलिनॉय हे लिंकनचे राज्य. त्या राज्याने १८५३ मध्ये बाहेरच्या काळ्या माणसांना वस्तीसाठी येण्याची बंदी केली.

४. कापसाचा या सगळ्याशी काय संबंध?

संबंध इतका जवळचा आहे, की तो वऱ्हाड-खानदेशातल्या माणसाला चटकन कळावा.

अमेरिकेच्या अंतर्भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसात सरकी घट्ट चिकटलेली असते. हाताने सरकी काढायची तर एका माणसाची दिवसाची मजल जेमतेम अर्धा किलो रुई. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र केले. घोडा जुंपला की पन्नास माणसांचे काम एक माणूस करू लागला. यंत्र आले म्हणजे मजूर कमी लागले असतील, असे कितीतरी विद्यार्थी लिहितात. घडले नेमके उलटे. सरकीचा अडसर गेला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांची भूक अफाट होती, म्हणून लागवड जॉर्जियापासून टेक्सासपर्यंत पसरत गेली. पेरणी, निंदणी आणि वेचणी मात्र हातानेच करायची होती. ते हात गुलामांचे होते. १७९० मध्ये देशात सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये सुमारे ४० लाख.

बाहेरून गुलाम आणायला १ जानेवारी १८०८ पासून कायद्याने बंदी होती. मग नव्या मळ्यांना माणसे आली कुठून? व्हर्जिनिया, मेरीलँड अशा जुन्या राज्यांतून, विकली जाऊन. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसे अशी दक्षिणेच्या खोल भागात नेली गेली. काही मालकांबरोबर गेली, पण बरीचशी व्यापाऱ्यांच्या हाती, साखळीत बांधून पायी किंवा जहाजाने न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसऱ्याच मळ्यावर. कापसाच्या भावाचा आलेख पाहताना त्याच्या खाली या ताटातुटी आहेत, हे मी वर्गात दरवेळी सांगतो.

१८६० च्या सुमारास अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. गुलामांची एकत्रित ‘किंमत’ देशातले सगळे रेल्वेमार्ग आणि कारखाने यांच्या किमतीहून जास्त भरत होती, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. एवढा पैसा ज्यात अडकला आहे ती गोष्ट आपोआप मरेल, ही आशा १७८७ मध्ये ठीक होती. १८५० मध्ये तिला काही आधार उरला नव्हता.

५. काळा माणूस म्हणजे तीन-पंचमांश माणूस, असे घटनेत लिहिले होते हे खरे का?

कलम आहे, अर्थ वेगळा आहे. प्रतिनिधीगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार होत्या. गुलामांना मत नव्हते, तरी जागा वाढाव्यात म्हणून त्यांची पूर्ण मोजणी व्हावी, ही मागणी दक्षिणेची होती. मोजूच नका, असे उत्तरेतले अनेक जण म्हणत होते. १७८७ मध्ये तडजोड झाली : दर पाच गुलामांमागे तीन मोजायचे. म्हणजे ज्यांना बेड्या घातल्या, त्यांच्याच डोक्यांच्या मोजणीवर मालकांना जादा जागा मिळाल्या, आणि अध्यक्षाच्या निवडणुकीत जादा मतेही. ‘गुलाम’ हा शब्द मात्र त्या मूळ घटनेत कुठेही नाही. ‘इतर व्यक्ती’ असे म्हटले आहे.

सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा. लोकसंख्येत उत्तर पुढे गेल्यावर दक्षिणेची सगळी भिस्त सिनेटवर आली. त्यामुळे दोन्हीकडची राज्ये समसमान ठेवण्याची धडपड सुरू झाली.

६. मिसूरीची तडजोड म्हणजे काय?

१८१९ मध्ये ११ राज्ये इकडे, ११ तिकडे. मिसूरीला गुलामगिरीसह राज्य व्हायचे होते. १८२० मध्ये ठरले, की मिसूरी गुलामगिरीचे आणि ईशान्येकडचे मेन हे नवे राज्य मुक्त. शिवाय लुईझियाना खरेदीतल्या (म्हणजे १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या) उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला, मिसूरी वगळून, गुलामगिरी नाही. ही रेषा ३४ वर्षे टिकली. म्हातारा माजी अध्यक्ष जेफरसन मात्र या वादाने हादरला होता. मध्यरात्री आगीची घंटा वाजावी तसे वाटले, असे त्याने पत्रात लिहिले. तो स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता, हे त्या पत्रासोबत वाचावे.

७. १८३० नंतर दक्षिणेचा सूर एकदम कडक का झाला?

१ जानेवारी १८३१ ला बोस्टनमध्ये विल्यम लॉइड गॅरिसनने ‘लिबरेटर’ हे वृत्तपत्र सुरू केले आणि ‘हळूहळू’ हा शब्दच नाकारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला. पन्नासहून अधिक गोरे मारले गेले, आणि सूड म्हणून त्याहून कितीतरी अधिक काळे, ज्यांतल्या अनेकांचा उठावाशी संबंधही नव्हता. मग गुलामांना वाचायला शिकवण्यावर बंदी, चर्चमध्ये एकत्र जमण्यावर पहारे.

आधीचे दक्षिणी पुढारी गुलामगिरीला निदान नाइलाजाचे पाप म्हणत. १८३७ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या जॉन कॅल्हूनने सिनेटमध्ये उभे राहून ती साक्षात हिताची गोष्ट असल्याचे सांगितले. १८३६ ते १८४४ या काळात तर गुलामगिरीविरोधी अर्ज प्रतिनिधीगृहात चर्चेलाच घ्यायचे नाहीत, असा नियम होता. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स हा म्हातारपणी खासदार म्हणून आठ वर्षे त्याविरुद्ध झुंजला. माझ्या मते या नियमाने गॅरिसनच्या पत्राहून मोठे काम केले. काळ्यांच्या सुटकेशी ज्यांना घेणेदेणे नव्हते, त्या उत्तरेकडच्या साध्या शेतकऱ्यांनाही वाटू लागले, की आता आपलेही तोंड बांधले जात आहे. चर्चही फुटले : मेथडिस्ट १८४४ मध्ये, बाप्टिस्ट १८४५ मध्ये.

८. १८५० च्या समेटात एवढ्या गोष्टी होत्या, मग पळालेल्या गुलामांच्या कायद्यावरच का बोट ठेवतात?

आधी समेट. मेक्सिकोशी १८४६ ते १८४८ युद्ध करून अमेरिकेने कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख घेतला. त्यात गुलामगिरी नको, असा ठराव डेव्हिड विल्मॉटने १८४६ मध्येच आणला. प्रतिनिधीगृहात तो मंजूर झाला, सिनेटमध्ये अडला. शेवटी १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले. यूटा आणि न्यू मेक्सिको प्रदेशांचा निर्णय तिथल्या लोकांवर सोडला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामांची खरेदी-विक्री बंद झाली (गुलामगिरी नव्हे). दक्षिणेला मिळाला तो पळालेल्या गुलामांविषयीचा नवा, कडक कायदा.

त्या कायद्यात काय होते ते पाहा. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येणार नाही. ज्यूरी नाही. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला सोडून दिल्यास ५ डॉलर, परत पाठवल्यास १० डॉलर. पकडायला मदत करणे हे सामान्य नागरिकाचेही कर्तव्य. पळालेल्याला लपवले तर १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. तोवर गुलामगिरी म्हणजे दूर कुठेतरी चाललेली गोष्ट, असे म्हणून बोस्टनचा माणूस झोपू शकत होता. आता ती त्याच्या दारात आली.

१८५४ मध्ये व्हर्जिनियातून पळून आलेल्या अँथनी बर्न्सला बोस्टनमध्ये पकडले. त्याला जहाजापर्यंत न्यायला सैन्य लावावे लागले; रस्त्याच्या दोन्ही कडांना हजारो लोक, खिडक्यांवर काळी कापडे. (पुढच्या वर्षी लोकांनी पैसे जमवून त्याला सोडवले.)

दुसरी हकीकत सांगताना माझा आवाज अजून अडखळतो. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर गोठलेली ओहायो नदी ओलांडून केंटकीतून कुटुंबासह पळाली. घराला वेढा पडला, तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला मारले, परत पाठवू दिले नाही. ओहायोच्या अधिकाऱ्यांना तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा होता, कारण खटला म्हणजे ती माणूस आहे आणि मुलगीही माणूस होती, याची कबुली. केंद्राच्या कायद्याने तिला मालमत्ता म्हणून मालकाच्या हवाली केले, आणि त्याने तिला आणखी दक्षिणेला पाठवले.

९. ‘अंडरग्राउंड रेलरोड’ ही खरोखरची रेल्वे होती का?

नाही. पळणाऱ्यांना लपवणारी घरे, वाट दाखवणारी माणसे आणि त्यांची सांकेतिक भाषा यांचे ते नाव. स्वतः १८४९ मध्ये मेरीलँडमधून पळालेली हॅरिएट टबमन सुमारे तेरा वेळा परत गेली आणि सुमारे सत्तर जणांना घेऊन आली. मोठमोठे आकडे छापले जातात, ते नंतर फुगवलेले आहेत. सत्तर हाच आकडा मला थक्क करतो.

१०. कॅन्ससमध्ये रक्तपात का झाला?

१८५४ मध्ये इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस याने कॅन्सस-नेब्रास्का कायदा मंजूर करून घेतला. मिसूरीची रेषा (प्रश्न ६) रद्द झाली. या दोन प्रदेशांत गुलामगिरी हवी की नको, हा निर्णय तिथल्या वसाहतकऱ्यांच्या मतांवर. (फ्रेडरिक डग्लस हा वेगळा : १८३८ मध्ये गुलामगिरीतून पळालेला थोर वक्ता. उत्तरपत्रिकेत या दोघांची सरमिसळ हमखास होते.)

ऐकायला लोकशाही वाटते. पण मत कोणाचे? मार्च १८५५ च्या निवडणुकीत शेजारच्या मिसूरीतून सशस्त्र टोळ्या आल्या आणि मते देऊन परत गेल्या. सुमारे २,९०० मतदार आणि ६,००० हून अधिक मते. मग दोन सरकारे, दोन घटना, बंदुका. मे १८५६ च्या एकाच आठवड्यात २१ तारखेला गुलामगिरीविरोधी वसाहतकऱ्यांचे लॉरेन्स गाव लुटले गेले. २२ ला सिनेटच्या सभागृहात साउथ कॅरोलायनाचा प्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स याने गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर याला काठीने रक्तबंबाळ केले. २४ च्या रात्री गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राऊन याच्या टोळीने पॉटावाटमी खाडीकाठी गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घराबाहेर ओढून मारले. समनरची खुर्ची तीन वर्षांहून अधिक काळ रिकामी राहिली. ब्रूक्सला दक्षिणेतून नव्या काठ्या भेट आल्या.

रिपब्लिकन पक्ष याच कायद्याच्या रागातून १८५४ मध्ये जन्मला.

११. ड्रेड स्कॉट मुक्त राज्यात राहिला होता, तरी हरला कसा?

ड्रेड स्कॉट हा मिसूरीतला गुलाम, त्याचा मालक लष्करी डॉक्टर. त्याने स्कॉटला इलिनॉयमध्ये आणि पुढे आजच्या मिनेसोटातल्या फोर्ट स्नेलिंगला नेले. दोन्हीकडे गुलामगिरीला बंदी. मिसूरीत परतल्यावर १८४६ मध्ये ड्रेड आणि हॅरिएट या नवरा-बायकोने सुटकेसाठी दावा लावला. मिसूरीची न्यायालये पूर्वी असे दावे मान्य करत. यांच्या वेळी वारे फिरले.

६ मार्च १८५७ ला सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला. सरन्यायाधीश रॉजर टॉनीने लिहिले, की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही, म्हणून दावाच लावता येत नाही. इथे थांबता आले असते. पण त्याने पुढे जाऊन असेही ठरवले, की केंद्राच्या प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा काँग्रेसला अधिकार नाही. म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच घटनाबाह्य. वाद मिटवायला दिलेल्या निकालाने समेटाची जागाच संपवली. स्कॉट कुटुंबाला त्याच वर्षी दुसऱ्या मालकाने मुक्त केले. ड्रेड पुढच्या वर्षी वारला.

१२. जॉन ब्राऊन हुतात्मा की दहशतवादी?

ऑक्टोबर १८५९ मध्ये २१ साथीदारांसह त्याने व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी गावाचे सरकारी शस्त्रागार घेतले, गुलामांना शस्त्रे देण्यासाठी. पहिला बळी गेला तो हेवर्ड शेफर्ड, रेल्वेत काम करणारा मुक्त काळा माणूस. दोन दिवसांत रॉबर्ट ली याच्या हाताखालच्या तुकडीने ब्राऊनला पकडले, २ डिसेंबरला फाशी झाली.

पॉटावाटमीला त्याने जे केले (प्रश्न १०) ते मला कोणत्याही युक्तिवादाने धुऊन काढता येत नाही. आणि काळ्या माणसांशी बरोबरीने जेवणारा, त्यांच्यासाठी मरायला तयार असणारा गोरा माणूस त्या काळात विरळा होता, हेही तितकेच खरे. फ्रेडरिक डग्लसने त्याचा बेत फसणार हे ओळखून सोबत जायला नकार दिला, तरी आयुष्यभर त्याच्याविषयी आदराने बोलला. मला डग्लसची भूमिका पटते.

१३. लिंकनला ४० टक्केही मते नव्हती, मग तो निवडून कसा आला? आणि शपथ घेण्याआधीच राज्ये का फुटली?

चार उमेदवार होते आणि डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला होता. लिंकनला ३९.८ टक्के मते मिळाली, पण उत्तरेतली राज्ये जिंकल्याने ३०३ पैकी १८० निर्वाचक मते (राज्यवार वाटलेली, अध्यक्ष ठरवणारी मते). दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या. हीच गोष्ट दक्षिणेला खुपली : आपल्या एकाही मताशिवाय अध्यक्ष होऊ शकतो. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना बाहेर पडले, १ फेब्रुवारीपर्यंत आणखी सहा राज्ये.

मार्च १८६१ च्या आरंभी काँग्रेसने एक घटनादुरुस्तीही संमत केली होती : राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्र कधीच हात लावणार नाही. लिंकनने पहिल्या भाषणात तिला हरकत घेतली नाही. तरी फुटलेली राज्ये परतली नाहीत. त्यांना हमी हवी होती ती पसरण्याची (प्रश्न १).

१४. दक्षिण राज्यांच्या हक्कांसाठी लढली, गुलामगिरीसाठी नव्हे, असे ऐकतो. आणि आयातकराचे काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. उत्तर त्यांच्याच कागदांत आहे. साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यात मोठी तक्रार ही, की उत्तरेतली राज्ये पळालेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपले हक्क वापरले, हाच गुन्हा. १८५० चा कायदा (प्रश्न ८) हा केंद्राने राज्यांवर केलेला त्या काळातला सर्वांत मोठा बळजबरीचा प्रकार, आणि तो दक्षिणेने मागून घेतला होता. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तेव्हा राज्यांच्या हक्कांची भाषा विस्कॉन्सिन करत होते.

मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात आपली बाजू गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप असल्याचे पहिल्या काही ओळींतच आहे. फुटलेल्या राज्यांनी बनवलेल्या दक्षिणी संघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हाना इथे म्हणाला, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हाच आमच्या सरकारचा कोनशिलेचा दगड. आयातकरावरून साउथ कॅरोलायनाने १८३२ मध्ये खरोखर संघर्ष केला होता. पण १८५७ चा कर दक्षिणेच्या मतांनी उतरवलेला होता आणि राज्ये फुटायला लागली तेव्हा तोच लागू होता.

१५. बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हते. मग ते का लढले? आणि काळे लोकही मालक होते का?

फुटलेल्या राज्यांत सुमारे तीनांतल्या एका कुटुंबाकडे गुलाम होते. ज्यांच्याकडे नव्हते ते भाड्याने घेत, किंवा पुढे विकत घेण्याची उमेद बाळगत. आणि गरिबातल्या गरीब गोऱ्याच्याही खाली कोणीतरी कायमचे आहे, ही प्रतिष्ठा त्याला फुकट मिळत होती. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या आपल्याला हे समजावून सांगावे लागू नये.

काळे मालक होते, पण थोडे. त्यांतल्या अनेकांनी आपलीच बायको किंवा मुले विकत घेतलेली असत. कारण अनेक राज्यांत मुक्त केलेल्या माणसाला राज्य सोडावे लागे, म्हणून ती कागदोपत्री ‘गुलाम’ राहत. साउथ कॅरोलायनातला विल्यम एलिसन हा अपवाद : स्वतः गुलाम म्हणून जन्मला, सरकी काढण्याची यंत्रे बनवून श्रीमंत झाला आणि ६० हून अधिक माणसांचा मालक बनला. चेरोकी, चोक्टॉ, चिकासॉ अशा मूळ रहिवासी राष्ट्रांतही गुलाम होते.

१६. गुलामगिरी असूनही कोणती राज्ये उत्तरेसोबत राहिली?

डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी. १२ एप्रिल १८६१ ला दक्षिणेने साउथ कॅरोलायनातल्या केंद्राच्या फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा डागल्यावर व्हर्जिनिया, आर्कान्सा, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना फुटली. आधी सांगितलेली चार मात्र राहिली. लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा त्यांना लागू नव्हता. मेरीलँड आणि मिसूरीने पुढे स्वतःहून गुलामगिरी संपवली. डेलावेअर आणि केंटकीत ती डिसेंबर १८६५ ला, देशभर गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीनेच गेली.

१७. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, तो हाच संदर्भ ना? आणि मुंबईच्या कापसाचे काय?

हो. १८७३ च्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांच्या नावे आहे. निग्रोंना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेले औदार्य आणि स्वार्थत्याग यांचा तिथे गौरव आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र भावांच्या मुक्तीसाठी तो कित्ता घ्यावा अशी इच्छा आहे. जोतीरावांचा गौरव सगळ्या उत्तरेला नाही (प्रश्न ३ पाहा), झटलेल्यांना आहे.

मुंबईची बाजू वेगळी. लढाई सुरू झाली, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या इकडच्या कापसाकडे वळल्या. भाव चढले, खानदेश-वऱ्हाडात लागवड वाढली, मुंबईत बँका आणि समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांच्या शेअरांचे वेड लागले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या मुख्य सैन्याने शस्त्रे ठेवली. भाव कोसळले, आणि त्या जुलैपासून मुंबईतल्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या.